परातीतलं लोखंड

माझ्या उजव्या हातात एक लोखंडी कडं होतं. ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. तसं पाहिलं तर त्यात सांगण्यासारखं काय आहे? आमच्या भागात निम्म्या माणसांच्या हातात कडं असतं, उरलेल्यांच्या दंडाला काळा दोरा असतो. पण ज्या दिवसांत ते हातात असायला नको होतं, नेमकं त्याच दिवसांत ते माझ्या शर्टाच्या बाहीखाली होतं. आणि ज्या एका माणसाला ते ठाऊक असायला हवं होतं, त्या देशमाने सरांपासून मी ते लपवलं. सर गेले त्याला आता दीड महिना होत आला. त्यांच्यावर काहीतरी लिहा, असं पुरवणीच्या संपादकांनी दोनदा कळवलं, आणि दोन्ही वेळा मी सरांचा हातोडा, सरांची शिकवण, सरांचा साधेपणा असं लिहून फाडून टाकलं. ते सगळं खरंच होतं. पण त्याच्याखाली हे कडं राहत होतं... म्हणून आता आधी कडं, मग सर.

बातमी आली तेव्हा मी नळदुर्गच्या अलीकडं, हायवेपासून आत एका शेतात विहिरीसाठी जागा बघत होतो. जमिनीत सळया ठोकायच्या, त्यांतून वीज सोडायची आणि खाली दगड कुठवर आहे, पाणी कुठं असेल याचा अंदाज बांधायचा, हे माझं पोटापाण्याचं काम. तेही सरांनीच शिकवलेलं. फोन काकूंचा होता. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्या सहसा फोन करत नाहीत. "हणमंता, कुठंयस?" "रानात आहे काकू." "मग आधी काम उरक," त्या म्हणाल्या, "आणि सावकाश ये. गाडी पळवू नको. आता घाई करण्यासारखं काही राहिलं न्हाई." मी हातातली सळई जमिनीत तशीच उभी सोडली. शेताचा मालक विचारत होता, साहेब, लागलं का पाणी?

सर धाराशिवच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. पहिल्या तासाला त्यांनी आमच्यासमोर एक काळा दगड ठेवला आणि हजेरी घेतल्यासारखी प्रत्येकाला त्याची ओळख करून दिली. "हा तुमचा गाववाला. तुमच्या पंजोबाच्या पंजोबाच्या आधीपासून इथंच आहे. अर्ध्या महाराष्ट्रात याचेच भाऊबंद. याच्याशी नीट बोललात तर सगळं सांगतो, पण आधी तुम्ही तोंड बंद ठेवायचं." आम्ही हसलो. शेतकऱ्या-धनगरांची पोरं आम्ही, दगड म्हणजे नांगराला लागून फाळ मोडणारी वस्तू, एवढंच ठाऊक. त्या दगडाशी बोलायचं असतं हे सरांनी शिकवलं. दरवर्षी ते आम्हांला एस.टी. ठरवून लोणारला न्यायचे. आकाशातून आलेला दगड आपल्यासारख्याच काळ्या कातळावर आदळला आणि एवढा मोठा खड्डा पडला, त्याच्या काठावर उभं राहून सर तासभर बोलायचे. आणि परतीच्या वाटेवर, पोरं पेंगायला लागली की, हळूच म्हणायचे, "लोणारला सगळं जग येतं. आपल्या परातीत नुसत्या शेळ्या येतात."

परात म्हणजे नळदुर्गच्या वरच्या अंगाला, माळावर असलेला एक गोल खोलगट भाग. कडेनं थोडा उंचवटा, मधे सपाट, बोरी-बाभळीचं रान. पावसात काही दिवस तळ्यासारखं पाणी साचतं, मग गवत. माळावरची माणसं सांगतात की भैरोबाच्या लग्नात भात वाढायची ती परात. जेवणं झाली, पण घासायचं कुणाचं यावरून वऱ्हाडात भांडण लागलं आणि परात तशीच उष्टी राहिली. सरांना ही गोष्ट फार आवडायची. ते म्हणायचे, भांडण अजून मिटलेलं न्हाई, फक्त वऱ्हाडी बदलले. एक म्हणतात हा नुसता झिजून झालेला खळगा, दुसरे म्हणतात जुनं तळं. सरांना मात्र तरुणपणापासून वाटत होतं की परात वरून पडलेल्या दगडानं झाली असावी. वाटत होतं, म्हणत नव्हते. हा फरक त्यांना फार मोलाचा होता. "वाटणं हे पोटात ठेवायचं असतं," ते म्हणायचे, "तोंडातून काढायचं ते मोजून झाल्यावर."

मी शिकून त्याच कॉलेजात तात्पुरत्या नोकरीवर लागलो, त्याच सुमारास सरांनी मोजायला घेतलं. वीस-बावीस वर्षं झाली असतील. आधी आम्ही कडेकडेनं हिंडून दगड बघितले. कातळाचे थर एरवी आडवे असतात, पोळ्यांच्या चवडीसारखे. जोराचा आघात झाला असेल तर काठावरचे थर बाहेरच्या बाजूला उलथलेले दिसायला हवेत. एका जागी ते तसे दिसलेही. सर तिथं गुडघे टेकून बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मग स्वतःच म्हणाले, "दरड घसरली तरी असंच दिसतं. उड्या नको मारायला." मग आम्ही जमिनीत वीज सोडून पाहिली. मधोमध खाली बरंच खोलवर काहीतरी भुसभुशीत होतं. तो फुटलेल्या कातळाचा चुरा असेल, नाहीतर तळ्याचा गाळ असेल. दगड हो म्हणत होता, वीज हो म्हणत होती, पण दोघंही कोर्टात टिकणारे साक्षीदार नव्हते. खोल भोक पाडून खालचा दगड वर काढता आला असता तर प्रश्नच मिटला असता, पण ते आमच्या आवाक्यात कुठलं. उरलं होतं चुंबकत्व.

सरांनी ते मला कसं समजावलं, ते त्यांच्याच शब्दांत सांगतो. "लाव्हा थंड होताना दगड पृथ्वीचं चुंबकत्व पोटात धरून ठेवतो. सगळा थर एका सुरात. भजनात सगळ्यांचा सूर एक लागला की आवाज वेशीपर्यंत जातो का न्हाई? तसं. पण वरून दणका बसून कातळ फुटला, तुकडे कसेही पडले, की प्रत्येक तुकडा आपापला सूर धरतो. मग काय ऐकू येणार? नुसती कुजबुज. बाहेर माळावर काटा जोरात बोलेल. परातीत उतरल्यावर जर कुजबुज ऐकू आली, हणमंता..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मोजून झालं नव्हतं ना.

मोजायचं यंत्र एका विद्यापीठाच्या कपाटात पडून होतं. सरांनी खेटे घालून थोड्या दिवसांसाठी ते मागून आणलं. जुनं, हातात छातीशी धरायचं, काटा बघून आकडा सांगायचा असं यंत्र. त्याला लोखंडाचा वास आला तरी ते बहकायचं. म्हणून सरांनी त्या दिवसांत घराच्या उंबऱ्याशी एक पितळेचं तबक ठेवलं. निघण्याआधी प्रत्येकानं आपल्या अंगावरचं लोखंड त्यात टाकायचं. किल्ल्या, चाकू, पट्टा, घड्याळ, पेनाची क्लिपसुद्धा. सर स्वतः नाडीचा पायजमा आणि कॅनव्हासचे बूट घालायचे, चष्म्याची लोखंडी काडी काढून तिथं दोरा बांधायचे. मोजायच्या रेघा आखायला खुंट्या लाकडाच्या, त्या ठोकायच्या दगडानं. भाकरी फडक्यात, ठेचा केळीच्या पानात. पहिल्या दिवशी काकूही हौसेनं बघायला निघाल्या, तर सरांनी त्यांच्या अंबाड्यातले आकडेसुद्धा काढायला लावले. "लग्नात सासूबाईंनी पण एवढं उतरवून घेतलं नव्हतं," काकू म्हणाल्या. सर म्हणाले, "तिचा डोळा सोन्यावर होता. आपला लोखंडावर आहे."

परातीच्या काठावर भागाबाई नावाची एक धनगराची म्हातारी शेळ्या घेऊन असायची. सर तिला विनवायचे की आम्ही आत असेपर्यंत तुमचा विळा लांब ठेवा. "विळ्याबिगर म्या पाला काय दातानं तोडू?" ती विचारायची. पण ठेवायची. आम्ही पट्टे काढलेले, एका हातानं पँट सावरत परातीत उतरताना बघून ती एकदा म्हणाली, "मास्तर, दरोडा कुठं पडला तुमच्यावर? कमरेचं बी सोडलं न्हाय की ओ." सर इतके हसले की यंत्र माझ्या हातात देऊन ते खाली बसले. मला सर आठवतात ते बहुतेक वेळा असेच... माळावर, दोऱ्यानं बांधलेला चष्मा कपाळावर सरकवून, डोळ्यांतलं पाणी पुसत हसताना.

आता कडं. माझा थोरला भाऊ ट्रकवर होता. आमच्याच हायवेवर, घरापासून फार लांब नाही, त्याचा अपघात झाला. त्यानंतर माय मला घेऊन सोनारीला कालभैरवाला गेली, तिथून आणलेलं कडं तिनं माझ्या हातात घातलं आणि म्हणाली, "काढायचं न्हाय. आंगोळीला बी न्हाय. म्या हाय तवर न्हाय." एक पोरगा गेलेल्या बाईला नाही कसं म्हणणार. मी हो म्हणालो. पण मी विज्ञान शिकवत होतो. वर्गात उभा राहिलो की त्या कड्याची मला लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून मायची लाज वाटायची. मी कडं कोपराकडं वर सरकवून त्यावर लांब बाही ठेवायला शिकलो. कॉलेजात ते कुणी पाहिलंच नाही.

सरांना सांगता आलं नसतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की त्याच्या कडा झिजल्यात. सांगता आलं असतं, आणि ते किती सोपं होतं हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. आमच्याबरोबर शिवा नावाचा एक विद्यार्थी होता. त्याच्या बोटात घोड्याच्या नालेची अंगठी होती, शनीची. तबकाशी आल्यावर तो घुटमळला. म्हणाला, "सर, आईनं घातलीय." सरांनी एक क्षणही लावला नाही. "आईची आहे? मग राहू दे. तू यंत्राजवळ येऊ नको, आज तू माझी छत्री धर." ना टिंगल, ना उपदेश. शिवानं ते सगळे दिवस छत्री धरली आणि मजेत धरली. मलाही तसंच सांगायचं होतं. फक्त मग यंत्र माझ्या हातून गेलं असतं. आणि सरांनी परातीच्या आतल्या रेघा चालायला एकट्या मला निवडलं होतं. त्यांचा गुडघा दुखायचा, काटेरी झाडोऱ्यातून सरळ रेघेत चालणं त्यांना जमत नव्हतं. ते आधी बाहेरच्या रेघा चालायचे, मग यंत्र मला देऊन काठावरच्या एका ठरावीक खुंटीशी बसायचे. मी आत चालायचो आणि आकडे ओरडून सांगायचो. त्या चालण्याचा मला अभिमान होता. मायला दिलेला शब्द हे कारण मी नंतर पुढं केलं. खरं कारण हा अभिमान होता. तबकात मी किल्ल्या टाकल्या, पट्टा टाकला, चाकू टाकला, आणि बाही खाली ओढली.

त्यातून काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण चूक नुसत्या कड्याची नव्हती, लपवण्याची होती. दर थोड्या वेळानं मला सरांच्या खुंटीशी परत येऊन तिथला आकडा पुन्हा घ्यावा लागायचा. यंत्र वाहवत तर चाललं नाही ना, हे पडताळायला. सरांच्या समोर येताना मी कडं कोपरापर्यंत वर चढवायचो. ते यंत्रापासून लांब जायचं आणि आकडा रोज बरोबर यायचा. सर खूश व्हायचे. मग मी परातीत उतरायचो. चालताना घामानं कडं घसरत मनगटावर यायचं, यंत्राला खेटून. कधी वर, कधी खाली. सरांपाशी काटा शहाणा, परातीत काटा बेभान. सरांना दुसरं काय दिसणार? बाहेरच्या रेघा त्यांच्या स्वच्छ हातांच्या, पडताळणीचा आकडा पक्का, आणि आत मात्र कुजबुज नाही. आत आकडे उड्या मारत होते.

मला हे शेवटच्या दिवशी कळलं. शेवटची रेघ संपवून मी पलीकडच्या काठाला बोरीच्या सावलीत बसलो होतो. यंत्र मांडीवर, चालूच. तोंड पुसायला हात वर नेला तसा काटा हलला. हात खाली आणला, काटा परत पहिल्या जागी. मी पुन्हा वर नेला... पुन्हा खाली. कडं मनगटावर होतं. मग मी यंत्र बंद केलं. पलीकडून सरांनी तोंडाशी हात धरून विचारलं, "काय म्हणते रे परात? कुजबुजते का?" आमच्यामध्ये सगळी परात होती. मी ओरडून सांगितलं, "न्हाय सर. चांगलीच बोलते."

हे खोटं मी पूर्ण शुद्धीत बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र परत जायचं होतं. मी स्वतःला समजावलं की एवढ्याशा कड्यानं असं किती होणार, थोडंफार इकडं-तिकडं. मी स्वतःला असंही समजावलं की सरांना आकड्यांवरून काहीच ठरवता येणार नाही, ते पुन्हा कधीतरी यंत्र आणतील, तेव्हा मी छत्री धरेन. पण सर ठरवणारे होते. त्यांनी ओसरीत बसून नकाशा काढला. सारख्या आकड्यांना जोडणाऱ्या पेन्सिलीच्या रेघा... परातीच्या बाहेर त्या शांत वळणं घेत होत्या आणि आत त्यांचा नुसता गुंता झाला होता. त्यांनी खोडरबरानं खोडून पुन्हा काढल्या, तिसऱ्यांदा काढल्या. मी समोर बसून होतो. शेवटी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "न्हाई," ते म्हणाले. "चुऱ्यातून काट्याला एवढा जोर येत न्हाई. खाली अखंड कातळ आहे. परात आकाशातली न्हाई." नकाशाची गुंडाळी करून त्यांनी ती कपाटावर टाकली, कप उचलला आणि आत हाक मारली, "अगं, चहा गार झाला की." काकूंनी दुसरा आणला. तो ते प्यायले, माझ्याशी पावसापाण्याचं बोलले. जन्मभराची एक गोष्ट त्यांनी माझ्यासमोर, माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवून सोडून दिली, आणि मी बशीत बिस्किटं मोडत बसलो.

त्यांनी ते तसंच विसरून जायला हवं होतं, म्हणजे माझं थोडं निभावलं असतं. पण सर मास्तर होते. दरवर्षी नव्या वर्गाला ते परातीची गोष्ट सांगायचे. स्वतःला सगळ्यात आवडणारी कल्पना आकड्यांनी खोटी पाडली तर ती कशी सोडायची, याचा तो त्यांचा धडा होता. "वाईट वाटलं का? वाटलं की. पण दगडाला आपलं मन राखता येत न्हाई." आणि मग मी जवळपास असलो तर माझ्याकडं बोट करायचे. "ही यंत्राची वाचनं घेणारा माणूस हा. काट्यांतून सरळ रेघेत चाललाय. याचा आकडा म्हणजे आकडा." पोरं वळून माझ्याकडं बघायची. मी मान खाली घालायचो, आणि सरांना तो माझा विनय वाटायचा. पुढं माझी ती नोकरी पक्की झाली नाही, मी विहिरींच्या कामाला लागलो. खरं सांगायचं तर त्या वर्गातून सुटल्याचं मला बरंच वाटलं.

सरांकडं जाणं मात्र सुटलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी जायचोच. तबक उंबऱ्याशी कायमचं राहिलं होतं. मोजणी संपली, यंत्र गेलं, पण घरात येणाऱ्यानं लोखंड तबकात टाकायचं ही रीत उरली. दूधवाल्यापासून सगळे किल्ल्या त्यात टाकून मगच बसायचे, कुणी विचारलं तर सर म्हणायचे, "मोकळं होऊन बोला, एवढंच." मी किल्ल्या टाकायचो. कडं बाहीखाली तसंच. मे महिन्याच्या उन्हातसुद्धा मी त्यांच्या घरी लांब बाहीनंच जायचो. एकदा सर म्हणाले, "हणमंता, उन्हाळ्यात तरी बाही दुमडत जा रे. इथं कोण साहेब बसलाय?" मी म्हणालो, "सवय झाली सर." त्यांनी माझ्याकडं थोडा वेळ पाहिलं आणि मग कलिंगडाची फोड पुढं केली. त्यांना ठाऊक होतं का? मी या प्रश्नावर पुष्कळ रात्री घालवल्यात. ठाऊक असतं तर त्यांनी वर्गात ती गोष्ट सांगितली नसती, असं वाटतं. आणि मग ते पाहणं आठवतं. खरं काय, ते आता कळायचं नाही.

माय गेली तेव्हा शब्दातून मोकळा झालो होतो. तरी कडं काढलं नाही. आता ते मायचं उरलं नव्हतं, माझंच झालं होतं.

शेवटची भेट या उन्हाळ्यातली. सर खुर्चीत उशी टेकून बसले होते, बोलताना मधेच थांबत होते. मला म्हणाले, "परातीत जाऊ या एकदा." माझ्या तोंडून निघून गेलं, "कशाला सर? उत्तर तर केव्हाच मिळालंय." त्यावर ते हसले. "उत्तर मिळालंय रे. पण परात बघायची राहिली. सगळा वेळ काट्याकडंच बघत होतो... आता ती यंत्रं हलकी झालीत म्हणे, पोरं पाठीला लावून चालतात. आपण यंत्रबिंत्र न्यायचं न्हाई. नुसतं काठावर बसायचं. भागाबाई असेल तर तिच्याकडून दोन शिव्या खायच्या." भागाबाई जाऊन किती वर्षं झाली होती, ते मी त्यांना सांगितलं नाही. "रविवारी?" त्यांनी विचारलं. "रविवारी येतो सर," मी म्हणालो.

ते तीन-चार दिवस मी एकच गोष्ट घोकत होतो. काठावर बसल्यावर बाही दुमडायची आणि सांगायचं. सुरुवात कशी करायची तेही ठरवलं होतं. शनिवारी मी फोन करून सांगितलं की एका शेतकऱ्याचं विहिरीचं काम अचानक निघालंय. निघालं वगैरे काही नव्हतं. मी स्वतःच त्याला फोन करून दिवस मागून घेतला होता. सर पलीकडून म्हणाले, "कर, कर. पाण्याचं पहिलं. परात कुठं पळून चाललीय?" त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

दिवसकार्य उरकल्यावर, पाहुणे पांगल्यावर मी पुन्हा काकूंकडं गेलो. उंबऱ्यात पाऊल टाकलं तशा त्या सवयीनं म्हणाल्या, "लोखंड टाक..." आणि म्हटल्यावर दोघांनीही तबकाकडं पाहिलं. तबकात सरांच्या कपाटाच्या किल्ल्या होत्या, त्यांचं घड्याळ होतं, कुणाची तरी गंजलेली सेफ्टी पिन होती. मी माझ्या किल्ल्या टाकल्या. सरांच्या खुर्चीत कुणी बसत नव्हतं. काकूंनी उशीही हलवली नव्हती. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर त्या म्हणाल्या, "शेवटी शेवटी ते परातीचंच बोलायचे बघ. मी म्हटलं, एवढं मनात होतं तर पुन्हा का नाही मोजलंत? तर म्हणाले, हणमंताची वाचनं होती म्हणून माझा जीव शांत झाला. दुसऱ्या कुणाची असती तर आयुष्यभर शंका राहिली असती."

मी तेव्हाही बोललो नाही. काकूंनी दिलेलं सरबत प्यायलो, किल्ल्या उचलल्या, आलो. घरी येऊन न्हाणीघरात हाताला साबण लावला आणि कडं काढायला बसलो. इतक्या वर्षांत मनगट भरलेलं, ते हाडावर अडलं, कातडी सोलली, पण निघालं. त्याच्याखालचा पट्टा पांढराफटक होता, ऊन न लागलेला. हे लिहिताना कडं समोर टेबलावर आहे. हे छापून यायच्या आत मी काकूंसमोर बसून सगळं सांगणार आहे, आणि कडं त्या तबकात टाकणार आहे. वर्तमानपत्रातून कळावं इतक्या त्या मला परक्या नाहीत. त्या मला घरात घेतील की नाही, हे त्यांनी ठरवायचं.

परात वरून पडलेल्या दगडानं झाली की नाही, हे मला ठाऊक नाही. सरांनाही ठाऊक नव्हतं. फरक एवढाच, की आपल्याला ठाऊक आहे असं सरांना वाटत होतं, आणि ते मी वाटू दिलं. कदाचित नीट मोजल्यावरही उत्तर तेच येईल, खाली अखंड कातळच निघेल. तरीही ते उत्तर सरांचं असेल, माझ्या कड्याचं नसेल. विद्यापीठातल्या एका ओळखीच्या माणसाकडं मी यंत्राची चौकशी केली आहे. पाऊस ओसरला, परातीतलं पाणी आटलं आणि गवत कापून झालं की आत उतरता येतं. परातीच्या आतल्या सगळ्या रेघा रिकाम्या हातांनी पुन्हा चालणं, आणि काटा जे सांगेल ते कुठलीही काटछाट न करता सरांच्या नावानं लिहून ठेवणं, एवढं मी सरांचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.